सोलापुरातून शिक्षक व्हायचं तर आधी इयत्ता ठरवा, मग कोर्स

"बीए होऊ दे, मग बीएड करून टाक, पुढचं पुढं बघू." आपल्याकडे हा सल्ला मामा देतात, शेजारचे काका देतात, कधीकधी कॉलेजातले सरही देतात. सल्ला देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण त्यांच्या वेळी बीएड झालं की संस्थेत चिकटायचं, एवढंच होतं. आता मध्ये सीईटी (प्रवेश परीक्षा), टीईटी (पात्रता परीक्षा), टेट (भरतीची चाचणी), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) अशी ठाणी आहेत आणि प्रत्येक ठाण्यावर एकच प्रश्न विचारला जातो: कुठल्या वर्गाला, कुठला विषय, कुठल्या माध्यमात? ज्यानं हे आधी ठरवलेलं असतं त्याचं काम सरळ होतं. ज्यानं आधी कोर्स केला, त्याला पदवी हातात आल्यावर कळतं की आपल्या विषयाला या वर्गात जागाच नाही.

मी याच रस्त्यानं गेलो आहे. दरवर्षी ओळखीतली टीवायची पोरं-पोरी तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

१. वर्ग ठरवा

शिक्षकाची पात्रता इयत्तेवर ठरते. किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, ठरवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर २३ ऑगस्ट २०१० ला तिनं जी अधिसूचना काढली, तिच्यातूनच टीईटी आली. ढोबळ नकाशा असा:

पहिली ते पाचवी: बारावी, त्यावर दोन वर्षांचं डी.एल.एड. (जुनं डीएड) आणि टीईटीचा पेपर एक.

सहावी ते आठवी: पदवी, त्यासोबत डी.एल.एड. किंवा बीएड, आणि टीईटीचा पेपर दोन.

नववी-दहावी: त्या विषयातली पदवी आणि बीएड. इथं टीईटी लागत नाही.

अकरावी-बारावी: त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बीएड.

सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर हा रस्ताच तुमचा नाही. तिथं ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा बघतात. बीएड विचारत नाहीत. एमएला असणारी बरीच मुलं "असू दे जवळ" म्हणून बीएडला दोन वर्षं घालवतात. ज्युनियर कॉलेजचा विचार असेल तर ठीक, नाहीतर तो वेळ सेटच्या अभ्यासाला द्या.

सगळ्यांत जास्त गैरसमज पहिल्या ओळीबद्दल आहे. मधली काही वर्षं बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडं होतं. एनसीटीईनं २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली होती. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, बीएडमध्ये ते नसतं, असं न्यायालयानं म्हटलं. तेव्हा बीएड करून जिल्हा परिषदेच्या पहिलीच्या वर्गावर जाऊ, हा हिशेब डोक्यातून काढा. कोचिंगच्या जुन्या पुस्तकांत आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांत अजून जुनंच छापलेलं दिसतं.

डी.एल.एड. म्हणजे "बारावीनंतर काही जमलं नाही म्हणून केलेलं" असं समजायची एक खोड आपल्याकडे आहे. ती सोडलेली बरी. जागतिक पातळीवरचा ग्लोबल टीचर प्राइझ २०२० साली आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला, रणजितसिंह डिसले यांना मिळाला. ते प्राथमिक शिक्षकच होते.

२. विषय आणि माध्यम तपासा

नववी-दहावीला भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं शिकवली जातात. तुमच्या पदवीचा विषय यात कुठं बसतो, ते बघा. इतिहास, भूगोल, मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांना अडचण नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञानवाल्यांनी मात्र प्रवेश घेण्यापूर्वीच महाविद्यालयात जाऊन विचारावं: मला कोणत्या दोन अध्यापन पद्धती मिळतील? बीएडला दोन विषयांच्या पद्धती घ्याव्या लागतात आणि नोकरीच्या वेळी पदवीचा विषय व पद्धतीचा विषय जुळतो का हे पाहतात.

कॉमर्सवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण सोलापुरात बीकॉमचे वर्ग कायम भरलेले असतात. दहावीपर्यंत वाणिज्य हा विषयच नाही. तो अकरावीला येतो. म्हणजे तुमची खरी जागा ज्युनियर कॉलेजात, आणि त्यासाठी एमकॉम अधिक बीएड हवं. नुसत्या बीकॉम-बीएडवर माध्यमिक शाळेत दार फारसं उघडत नाही. हे बीएडच्या दुसऱ्या वर्षात कळण्यापेक्षा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षात कळलेलं बरं.

आता माध्यम. सोलापूरसारखं गाव महाराष्ट्रात विरळाच. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी, शाळेत मराठी असं वाढलेली मुलं इथं शेकड्यानं आहेत. जिल्ह्यात मराठीबरोबर कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा दिसतात. भरतीत या माध्यमांच्या जागा वेगळ्या दाखवल्या जातात आणि तिथं स्पर्धा तुलनेनं कमी असते. पण घरी तेलुगू किंवा कन्नड बोलता येतं, एवढ्यावर ती जागा मिळत नाही. तुमचं शालेय आणि व्यावसायिक शिक्षण कुठल्या माध्यमात झालं ते तपासलं जातं. दहावी कन्नड माध्यमातून झालेल्या मुलांनी हे भांडवल वाया घालवू नये. गुणपत्रिका, शाळेचा दाखला सांभाळून ठेवा आणि शाळेकडून माध्यमाचा उल्लेख असलेलं पत्र आताच घ्या. शाळा बंद पडली किंवा मुख्याध्यापक बदलले की एका ओळीच्या पत्रासाठी महिना जातो.

३. कागदं आधी गोळा करा

फॉर्म सुटल्यावर सेतू केंद्रात दाखल्यांच्या रांगेत उभे राहणारे आणि आधीच फाइल लावून ठेवणारे, असे दोन पंथ असतात. दुसऱ्या पंथात या.

- दहावी, बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र
- सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केलेलं विद्यापीठाचं पत्र
- शाळा/कॉलेज सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र
- शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र
- नाव बदललं असेल तर राजपत्र आणि विवाह प्रमाणपत्र
- आधार, फोटो, सही स्कॅन करून

यातली तीन कागदं दगा देतात. पहिलं जात वैधता. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. वैधता जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते आणि तिला वेळ लागतो. बारावी विज्ञानवाल्यांनी काढलेली असते, कलाशाखेवाल्यांकडे बहुधा नसते. दुसरं नॉन-क्रीमी लेयर. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि फॉर्म भरताना चालू असलेला दाखला प्रवेशाच्या वेळी संपलेला निघतो. तारीख बघूनच काढा.

तिसरं म्हणजे नाव. इथल्या तेलुगू-कन्नड घरांत हा त्रास जास्त. 'श्रीनिवास' हे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत एस-एच नं सुरू होतं, आधारवर नुसत्या एस-आर नं. आडनाव एकीकडे पुढं, दुसरीकडे मागं, आणि वडिलांचं नाव कुठं पूर्ण तर कुठं एका अक्षरावर. नेट कॅफेतला पोरगा विचारतो, "सर, नाव कसं टाकू वो?" आणि आपण घाईत म्हणतो, "टाक की आधारसारखं." तसं टाकू नका. दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच नाव सगळीकडे टाका आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्त होतं. बोर्डाचं प्रमाणपत्र दुरुस्त करायला जास्त हेलपाटे पडतात. आणि फॉर्मवरचा मोबाइल नंबर, ई-मेल स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्यावरच येतात, वर्षानुवर्षं.

४. डी.एल.एड. चा प्रवेश

हा भाग सोपा आहे. वेगळी प्रवेश परीक्षा नाही, बारावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. खुल्या वर्गाला ४९.५ टक्के, राखीव वर्गाला ४४.५ टक्के लागतात. शाखा कुठलीही चालते. ऑनलाइन प्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राबवते. जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, जिला सगळे 'डाएट' म्हणतात, ती सोलापूर शहरात नसून माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे. शहरात शोधत फिरू नका.

डी.एल.एड. करता करता किंवा नंतर पदवीही पूर्ण करा. पदवी असली की सहावी ते आठवीचा पेपर दोनही तुमच्यासाठी उघडतो.

५. बीएडची सीईटी आणि कॅप राउंड

पदवीला खुल्या वर्गासाठी ५० टक्के, राज्यातल्या राखीव वर्गासाठी ४५ टक्के. पदवीला कमी पडले असतील तर पदव्युत्तरचे गुणही धरता येतात. अभियांत्रिकीवाल्यांना ५५ टक्के लागतात.

परीक्षा राज्य सीईटी कक्ष, मुंबई घेतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. मानसिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचं तर इंग्रजीची वेगळी ५० प्रश्नांची चाचणीही द्यावी लागते. फॉर्म भरतानाच तिची खूण करायची असते. ती राहिली तर नंतर करता येत नाही. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या असतील तर ती चाचणी देऊन टाका.

शेवटच्या वर्षाची मुलं सीईटी देऊ शकतात आणि द्यावीच. "निकाल लागल्यावर बघू" म्हणणाऱ्यांचं वर्ष जातं, कारण निकाल जून-जुलैत लागतो आणि सीईटी तोवर होऊन गेलेली असते.

परीक्षेइतकंच महत्त्व पसंतीक्रमाला आहे. कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, महाविद्यालयांची यादी भरताना या चार गोष्टी बघा: महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित (फीमध्ये मोठा फरक), एनसीटीईची मान्यता चालू आहे का, तुमच्या विषयाची अध्यापन पद्धती तिथं आहे का, आणि रोज जाता येईल का. शेवटचं कोणी बघत नाही. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून रोज सोलापूरला येऊन पुन्हा सराव पाठाची तयारी करणं दोन महिन्यांत अंगावर येतं. फी किती घ्यायची हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याहून जास्त मागितलं तर पावती मागा. पावती मागितली की आकडा बऱ्याचदा खाली येतो.

सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका गोष्टीबद्दलही सांगतो. "एक वर्षाचं बीएड सुरू होतंय, थांब." एनसीटीईनं २०२५ च्या सुरुवातीला तसा मसुदा जाहीर केला. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर झालेल्यांसाठी तो होता. पण मसुद्यावर विसंबून वर्ष घालवू नका. ज्या वर्षी तुम्ही प्रवेश घेणार, त्या वर्षीच्या सीईटी कक्षाच्या माहिती पुस्तिकेत तो अभ्यासक्रम असेल तर आहे, नसेल तर नाही. तसंच चार वर्षांचे एकत्रित बीए-बीएड, बीएस्सी-बीएड अभ्यासक्रमही आहेत. ते बारावीनंतरचे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असणाऱ्यानं त्यांच्या मागे लागून उपयोग नाही.

६. बीएडच्या दोन वर्षांत खरंच काय करायचं असतं

२०१५ पासून बीएड दोन वर्षांचं आहे. वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) ९० टक्के हजेरी लागते. शाळेत एकूण २० आठवडे जावं लागतं, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. पार्टटाइम नोकरी करत बीएड करायचा विचार असेल तर हे आकडे समोर ठेवूनच करा.

सुरुवात सूक्ष्म पाठांनी होते. पाच-सात मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर विद्यार्थी म्हणून तुमचेच वर्गमित्र. एखादा मुद्दाम उलटसुलट प्रश्न विचारणारच. ही कौशल्यांची नावं पहिल्यांदा ऐकली की हसू येतं: सज्जता प्रवर्तन, चेतक बदल, फलकलेखन. हसा, पण मनापासून करा. सज्जता प्रवर्तन म्हणजे विषय न सांगता मुलांना विषयापाशी आणणं. बाष्पीभवन शिकवायचं असेल तर "आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत" असं म्हणून सुरुवात करायची नाही. ओल्या फडक्यानं फळ्यावर एक पट्टा ओढायचा आणि गप्प राहून मुलांना त्याच्याकडे बघू द्यायचं. सोलापूरच्या मार्चमध्ये तो पट्टा कडेनं आत आक्रसत जातो, आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी आपणहून विचारतं, "सर, पाणी कुठं गेलं?" तिथून पाठ सुरू. निरीक्षक हेच लिहून घेत असतात: प्रश्न तुम्ही विचारला की मुलांनी.

पुढं ही कौशल्यं एकत्र वापरायचे सेतू पाठ, मग शाळेत जाऊन सराव पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण आधी तपासून घ्यावं लागतं. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शैक्षणिक साधन, फलकावर काय येणार, मूल्यमापनाचे प्रश्न, स्वाध्याय. पहिले चार-पाच स्वतःच्या हातानं, पाठ्यपुस्तक समोर ठेवून लिहा. मागच्या बॅचची वही मिळते, सगळ्यांना मिळते. तिच्यातून उतरवलेल्या टाचणात बदललेल्या पाठ्यपुस्तकातला धडाच नसतो आणि मार्गदर्शक ते दुसऱ्या ओळीत ओळखतात.

आंतरवासितेला शाळा निवडता येत असेल तर महापालिकेची किंवा खेड्यातली घ्या, असं माझं मत आहे. नावाजलेल्या शाळेत मुलं आधीच शिकलेली असतात. ज्या वर्गात निम्म्या मुलांची घरची भाषा पाठ्यपुस्तकाच्या भाषेपेक्षा वेगळी आहे, तिथं तुमच्या शिकवण्याचा कस लागतो.

७. टीईटी

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद २०१३ पासून ती घेते. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, अडीच तासांचा. उत्तीर्ण व्हायला खुल्या वर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीव वर्गाला ५५ टक्के. इथंही चुकीला गुण कापत नाहीत. प्रमाणपत्राला पूर्वी सात वर्षांची मुदत होती, आता ते आजीवन चालतं.

पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पेपर दोनमध्ये बालमानसशास्त्र आणि दोन भाषा तशाच, उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र. कला शाखेची मुलं गणिताला घाबरून पेपर दोनला सामाजिक शास्त्र घेतात, ते योग्यच आहे. पण पेपर एकमधलं गणित टाळता येत नाही. सहावी-सातवीची पाठ्यपुस्तकं काढून स्वतः उदाहरणं सोडवा. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. टीईटीसाठी महागड्या नोट्सच्या आधी पहिली ते आठवीची हीच पुस्तकं वाचून काढा.

बालमानसशास्त्रात पियाजे, व्हायगोट्स्की, कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या व्याख्या पाठ करून भागत नाही. प्रश्न वर्गातला प्रसंग देऊन विचारतात. आंतरवासितेत डोळे उघडे ठेवले असतील तर हे गुण सोपे.

केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. तीही राज्यातल्या भरतीला चालते. टीईटी कधी होईल याचा भरवसा नसतो, तेव्हा दोन्ही द्या.

"आता टीईटी कशाला, नोकरीत लागल्यावर बघू" असा एक समज जुन्या शिक्षकांकडे बघून झाला होता. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी होण्यास सांगितलं. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांनाच सवलत, आणि त्यांनाही बढती हवी असेल तर टीईटी हवीच. पन्नाशीतले गुरुजी सध्या बालमानसशास्त्राची पुस्तकं घेऊन बसले आहेत. तुम्ही विशीतच उरकून घ्या.

८. टेट आणि पवित्र पोर्टल

नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. टीईटी हा उंबरठा आहे, ओलांडला की झालं. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्यात पास-नापास नाही, फक्त क्रम. नोकरी तिच्या गुणांवर लागते. पहिली ते बारावी, सगळ्यांना ती द्यावी लागते. नववी-दहावीला टीईटी नको म्हणून निवांत बसलेले इथं अडकतात.

२०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. अभियोग्यतेवर १२० प्रश्न, बुद्धिमत्तेवर ८०. संगणकावर परीक्षा. घड्याळ लावून सराव केल्याशिवाय हा वेग येत नाही, हुशारी कितीही असो.

ही परीक्षा दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ ला, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. म्हणून "जाहिरात आली की अभ्यास करू" हे इथं चालत नाही. बीएडच्या पहिल्या वर्षापासून रोज थोडं बुद्धिमत्ता चाचणीचं सोडवत राहा.

टेट झाली की पवित्र पोर्टलवर स्व-प्रमाणपत्र भरायचं: शिक्षण, विषय, माध्यम, प्रवर्ग, टीईटी. क्रमांक ३ मधली फाइल इथं उपयोगी पडते. हे एकदा लॉक झालं की दुरुस्ती अवघड. त्यामुळे भरताना शेजारी दुसऱ्या माणसाला बसवा आणि त्याला मूळ कागद मोठ्यानं वाचायला सांगा. मग जाहिराती येतात. जिल्हा परिषद, महापालिकेच्या जागा मुलाखतीशिवाय, खासगी अनुदानित संस्थांच्या काही जागा मुलाखतीसह. प्रत्येक शाळेत किती शिक्षक हे पटसंख्येवरच्या संच मान्यतेतून ठरतं आणि कोणत्या प्रवर्गाची जागा हे बिंदुनामावलीतून. तुमच्या विषयाची एकही जागा एखाद्या जिल्ह्यात नसणं शक्य आहे.

पसंतीक्रम भरताना घराजवळचंच भरण्याचा मोह होतो. आपले अकरा तालुके सोडून कुठं जायचं नाही असं ठरवलं तर गुण फार वरचे हवेत. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीपर्यंतची यादी भरलेल्यांना नोकरी लवकर लागते. आंतरजिल्हा बदलीनं परत येता येतं, पण वर्षं लागतात. घरी बसून हे आधी बोलून घ्या, विशेषतः लग्न ठरत असेल तर.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. पूर्वी ते ६, ८ आणि ९ हजार होतं. पूर्ण वेतनश्रेणी त्यानंतर. कर्ज काढून बीएड करणाऱ्यांनी हप्ता ठरवताना या आकड्याकडे बघावं.

९. पैसे मागणाऱ्यांपासून लांब

"हजेरीशिवाय बीएड, फक्त परीक्षेला या." दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी महाविद्यालयाचं नाव सांगतात. वर हजेरीचे नियम सांगितलेच आहेत. त्या पदवीची पडताळणी नोकरीच्या वेळी होते. मुक्त विद्यापीठाचं बीएड खरं असतं, पण ते मुख्यतः सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे.

"टीईटीत गुण वाढवून देतो." २०१९-२० च्या टीईटीतल्या गैरप्रकारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले, परीक्षेची दारंही बंद झाली.

"संस्थेत जागा आहे, मागच्या तारखेची मान्यता आणि शालार्थ आयडी काढून देतो." शालार्थ आयडी म्हणजे शिक्षकाचा सरकारी पगार ज्यावर निघतो तो क्रमांक. हा सगळ्यांत गोड बोलून होणारा व्यवहार. बनावट शालार्थ आयडीच्या प्रकरणात २०२५ मध्ये नागपूर भागात अटका झाल्या आहेत. शेत विकून लाखो रुपये देणारे बाप मी पाहिलेत, म्हणून जरा जोर देऊन सांगतो: अनुदानित जागेची भरती पवित्रवर नसेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

१०. बाजूची दारं

केंद्रीय विद्यालय आणि नवोदयच्या भरती वेगळ्या, देशपातळीवर. आपल्याकडचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. त्यांच्या बऱ्याच पदांना सीटीईटी लागते. खेळाची आवड असेल तर बीपीएड, त्याच्या सीईटीत मैदानी चाचणीही असते. दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षणातलं डीएड, बीएड. त्यासाठी मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची बघायची. या क्षेत्रात प्रशिक्षित माणसं कमी आहेत, आणि ज्यांना धीर आहे त्यांनी हे दार पहिलं बघावं. खासगी इंग्रजी शाळांत बीएड होताच काम मिळतं, पगार बेताचा. टेटची वाट बघताना वर्षभर अनुभव म्हणून करा, पण अभ्यास सुटणार नाही एवढेच तास घ्या.

११. तुम्ही आत्ता कुठल्या वर्षाला आहात?

एफवाय: वर्ग आणि विषय ठरवा. मुख्य विषय बदलायचा असेल तर हीच वेळ.

एसवाय: जात वैधता, अधिवास, नावाची दुरुस्ती. दिवाळीच्या सुट्टीत सेतूत गर्दी असते, त्याआधी जा.

टीवाय: डिसेंबरपासून सीईटी कक्षाचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडा. फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका, पैसे कापले जातात आणि पावती येत नाही.

बीएड किंवा डी.एल.एड. चालू: टीईटी, सीटीईटी जी येईल ती. शेवटच्या वर्षात प्रविष्ट म्हणून बसता येतं का ते त्या वेळच्या जाहिरातीत वाचा.

सगळं झालंय आणि वाट बघताय: परीक्षा परिषदेची सूचना स्वतः वाचायची सवय लावा. ग्रुपवर फॉरवर्ड झालेल्या पत्रावर तारीख आणि जावक क्रमांक आधी बघा, मागच्या भरतीचीच पत्रं पुन्हा फिरत असतात.